कमांड-लाइन साधनाचं लिनक्स पॅकेज सांभाळायचं कसं? नव्या मेंटेनरसाठी

पॅकेज बनवायला एक दुपार पुरते. पुढे मात्र दर रिलीजला, लायब्ररी बदलली की, कुणाच्या मशीनवर बिल्ड फुटलं की पुन्हा हात लावावा लागतो. नवखे गडबडतात ते बहुधा तिथेच. म्हणून हा लेख पहिल्या अपलोडपाशी संपत नाही.

सोयीसाठी एक काल्पनिक साधन घेऊ. पुण्याच्या पीएमपीच्या थांब्यांची आणि बसमार्गांची यादी टर्मिनलवर दाखवणारं, रस्टमध्ये लिहिलेलं, एमआयटी लायसन्सचं 'थांबा'. स्वारगेट लिहिलं की तिथून सुटणाऱ्या बस दाखवायच्या, एवढंच त्याचं काम. त्याचं पॅकेज आर्च लिनक्सच्या एयूआरमध्ये, म्हणजे वापरकर्त्यांनीच सांभाळलेल्या पॅकेज-संग्रहात, टाकायचं आहे. एयूआर निवडण्याचं कारण साधं आहे: सगळी कृती एकाच फाइलीत मावते आणि मंजुरीसाठी कुणाची वाट पाहावी लागत नाही. हीच सोय धोक्याचीही आहे, ते पुढे येईल.

लिहिण्याबद्दल एक खुलासा. आज्ञा आणि फाइलनावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि जोडून टाइप करायची. पीकेजीबिल्ड (पॅकेज बांधायची कृती) आणि एसआरसीइन्फो (तिच्यातल्या माहितीची यादी) ही दोन फाइलनावं तेवढी मोठ्या अक्षरांत, आणि दुसऱ्याच्या आधी टिंब.

सुरुवात करण्याआधी

तेच साधन आर्चच्या अधिकृत रेपोत असेल तर एयूआरमध्ये त्याची दुसरी प्रत चालत नाही. एयूआरमध्येच असेल आणि मेंटेनर नसेल, तर नवं बनवू नका, ते दत्तक घ्या. मेंटेनर असेल पण पॅकेज मागे पडलं असेल, तर आधी 'कालबाह्य' खूण करा आणि मेंटेनरला लिहा. दोन आठवडे उत्तर आलं नाही तर पॅकेज अनाथ ठरवण्याची विनंती करता येते.

मग लायसन्स बघा. रेपोत लायसन्सची फाइलच नसेल तर काम तिथेच थांबवा आणि मूळ लेखकाला, म्हणजे अपस्ट्रीमला, ती टाकायला सांगा. त्यांच्या रिलीजना टॅग असतात का, हेही विचारून घ्या. टॅग न लावणारं अपस्ट्रीम म्हणजे मेंटेनरला कायमची डोकेदुखी.

नावाच्या शेपट्यांना अर्थ आहे. नुसतं 'थांबा' म्हणजे रिलीजच्या सोर्समधून बांधलेलं पॅकेज, 'थांबा-गिट' म्हणजे ताज्या कमिटमधून बांधलेलं आणि 'थांबा-बिन' म्हणजे अपस्ट्रीमने आधीच बांधून ठेवलेली बायनरी उचललेलं. शेवटच्या दोघांत प्रोव्हाइड्स आणि कॉन्फ्लिक्ट्स या दोन्ही ओळींत 'थांबा' लिहायचं. रिप्लेसेस लिहायचं नाही. ती ओळ पॅकेजचं नाव बदललं असेल तेव्हासाठी आहे, आणि नवखे हमखास तिथेच चुकतात.

खातं आणि किल्ली

एयूआरवर खातं उघडा. एसएसएचची ईडी२५५१९ प्रकारची वेगळी किल्ली तयार करा, तिला पासफ्रेज द्या आणि तिचा सार्वजनिक भाग खात्यात चिकटवा. गिटमध्ये कोणतं नाव आणि कोणता ईमेल जाणार हे आत्ताच ठरवा. एयूआरवर इतिहास पुसून पुन्हा पुश करता येत नाही, त्यामुळे ऑफिसचा ईमेल चुकून गेला की तो कायमचा तिथे राहिला.

नंतर नसलेल्याच पॅकेजचा रेपो क्लोन करायचा. वापरकर्ता 'एयूआर', पुढे एयूआरचा पत्ता, शेवटी पॅकेजचं नाव आणि गिटची शेपटी. रेपो रिकामा असल्याचा इशारा येईल, तो अपेक्षितच आहे. पहिला पुश झाला की पॅकेज अस्तित्वात येतं. पुश फक्त मास्टर शाखेवर चालतो. तुमच्या गिटने आपोआप मेन नावाची शाखा बनवली असेल तर आधी तिचं नाव बदला.

पीकेजीबिल्ड लिहिताना

ही एक बॅश स्क्रिप्ट आहे. वर माहितीच्या ओळी, खाली चार फंक्शनं.

वर्णन ८० अक्षरांच्या आसपास ठेवा आणि त्यात पॅकेजचं नाव पुन्हा घालू नका. आर्किटेक्चरमध्ये रस्ट, गो किंवा सी असेल तर एक्स८६_६४, आणि नुसती शेल स्क्रिप्ट असेल तर 'एनी'. लायसन्स एसपीडीएक्स या लायसन्सनावांच्या प्रमाण यादीतल्या नावाने लिहा. एमआयटी आणि बीएसडी लायसन्सच्या मजकुरात प्रत्येक प्रकल्पाची स्वतःची कॉपीराइट ओळ असते, म्हणून ती फाइल यूएसआर-शेअर-लायसन्सेसखाली पॅकेजच्या नावाच्या फोल्डरात ठेवावीच लागते. जीपीएलला ते लागत नाही, कारण तिचा मजकूर सिस्टिममध्ये आधीच असतो.

डिपेन्डन्सींचे चार कप्पे आहेत. चालवायला लागतं ते डिपेंड्समध्ये, बांधायला लागतं ते मेकडिपेंड्समध्ये. 'थांबा'साठी कार्गो, म्हणजे रस्टचं बांधणीचं साधन, हे दुसऱ्यात. फक्त चाचण्यांना लागतं ते चेकडिपेंड्समध्ये. असलं तर बरं, अशा गोष्टी ऑप्टडिपेंड्समध्ये, आणि प्रत्येकीपुढे कारण: 'एफझेडएफ: थांब्यांच्या नावांत शोध घेण्यासाठी'. बेस-डेव्हेल हे बांधणीच्या नेहमीच्या साधनांचं मेटा-पॅकेज गृहीत धरलेलं असतं, त्यामुळे जीसीसी आणि मेक मेकडिपेंड्समध्ये लिहायची गरज नाही.

सोर्सच्या ओळीत एक बारीक सापळा आहे. गिटहबवरच्या टॅगचा टारबॉल (सोर्सची दाबून बांधलेली फाइल) नुसत्या 'व्ही१.२.०' अशा नावाने उतरतो. बरेच जण सगळ्या पॅकेजांचे सोर्स एकाच फोल्डरात उतरवतात. दुसऱ्या कुठल्या पॅकेजचीही व्ही१.२.० तिथे पडलेली असेल तर मेकपीकेजी, म्हणजे पीकेजीबिल्डवरून पॅकेज बांधणारं साधन, तीच उचलतं आणि चेकसम (फाइल तीच आहे हे तपासायचा आकडा) जुळत नाही म्हणून थांबतं. म्हणून यूआरएलच्या आधी आपलं नाव आणि दोन विसर्गचिन्हं देऊन फाइलला पॅकेज आणि आवृत्ती असं नाव द्यायचं.

आता फंक्शनं. प्रिपेअरमध्ये कार्गो फेच 'लॉक्ड' पर्यायासह चालवायचं, म्हणजे इंटरनेटचं सगळं काम इथेच उरकतं. बिल्डमध्ये कार्गो बिल्ड 'फ्रोझन' आणि 'रिलीज' या पर्यायांसह. फ्रोझनमुळे कार्गो लॉक फाइलीबाहेरचं काही आणत नाही. हे केलं नाही तर आज बांधलेलं आणि सहा महिन्यांनी बांधलेलं पॅकेज एकच असेल याची खात्री उरत नाही. चेकमध्ये कार्गो टेस्ट. पॅकेज या शेवटच्या फंक्शनमध्ये इन्स्टॉल आज्ञेने फाइली जागेवर ठेवायच्या, बायनरी ७५५ परवानगीने आणि बाकीच्या ६४४ ने.

सगळे मार्ग पीकेजीडीआयआर (पॅकेजसाठीचा तात्पुरता फोल्डर) या चलाने सुरू झाले पाहिजेत आणि ते चल दुहेरी अवतरणात हवं. अवतरण विसरलं तर ज्याच्या फोल्डरच्या नावात मोकळी जागा आहे त्याच्याकडेच बिल्ड फुटतं, तुमच्याकडे मात्र नीट चालतं. पीकेजीडीआयआरच विसरलं तर फाइल खऱ्या सिस्टिममध्ये लिहायला जाते आणि 'परवानगी नाही' असं उत्तर मिळतं. ते बघून सुडो लावायचा मोह होतो. लावू नका. मेकपीकेजी रूट म्हणून चालायला नकार देतं ते याचसाठी. यूएसआर-लोकल हा भागही पॅकेजांसाठी नाही.

कमांड-लाइन साधन असेल तर नुसती बायनरी देऊन भागत नाही. मॅन पान आणि बॅश, झेडशेल, फिश या तिन्हींची कम्प्लीशन्स द्या. झेडशेलच्या फाइलीचं नाव अधोरेखेने सुरू होतं आणि ती साइट-फंक्शन्स फोल्डरात जाते. ते चुकलं तर कोणताही एरर येत नाही, टॅब दाबल्यावर नुसतं काही होत नाही.

बिल्ड शेवटी लिंक करताना 'अनडिफाइंड सिम्बॉल' म्हणून फुटलं, तर रस्टच्या एखाद्या क्रेटमध्ये (लायब्ररीत) सीचा कोड आहे का ते बघा. मेकपीकेजी लिंक-टाइम ऑप्टिमायझेशनचे जे फ्लॅग लावतं ते अशा मिश्र कोडला सोसत नाहीत. ऑप्शन्सच्या ओळीत उद्गारचिन्ह लावून एलटीओ बंद करा.

आवृत्तीचे आकडे

वरकरणी किरकोळ वाटणारा हा भाग सगळ्यात जास्त त्रास देतो, कारण इथली चूक लोकांच्या मशीनवर पोहोचली की मागे घेता येत नाही.

पीकेजीव्हर म्हणजे अपस्ट्रीमची आवृत्ती. तिच्यात आडवी रेघ चालत नाही, तिथे अधोरेखा घाला. पीकेजीरेल म्हणजे त्या आवृत्तीसाठी तुम्ही कितव्यांदा पॅकेज बांधताय तो आकडा. नवी आवृत्ती आली की तो पुन्हा १. आवृत्ती तीच आणि तुम्ही डिपेन्डन्सी दुरुस्त केली किंवा राहिलेली फाइल जोडली, तर २. वर्णनातलं शुद्धलेखन सुधारलं म्हणून वाढवू नका. एका काना-मात्रेसाठी शंभर जणांना पुन्हा कम्पाइल करायला लावणं बरं नव्हे.

तुलना दशांश अपूर्णांकासारखी होत नाही, टिंबांमधल्या भागांची होते, म्हणून १.१० ही १.९ पेक्षा मोठी. शंका आली तर व्हरसीएमपी ही आज्ञा दोन आवृत्त्या देऊन चालवा. उणे १ आलं तर पहिली लहान. पॅकमन या आर्चच्या पॅकेज-व्यवस्थापकाच्या हिशोबात १.०आरसी१ ही १.० पेक्षा लहान असते. डेबियनमध्ये उलट, तिथे तीच मोठी ठरते, म्हणून डेबियनवाले मध्ये तरंगरेघ घालून १.०~आरसी१ लिहितात. एका डिस्ट्रोची सवय दुसरीकडे नेली की गोची होते ती अशी.

समजा 'थांबा'च्या लेखकाने सुरुवातीला तारखेवरून २०२४०६१५ अशी आवृत्ती दिली आणि वर्षभराने १.०.० वर आला. पॅकमनच्या लेखी दोन कोटींवरून एकावर, म्हणजे उतरण. कुणालाच अपडेट मिळणार नाही. यावर उपाय एपॉक. एपॉक १ लिहिलं की आवृत्ती १:१.०.० होते आणि ती जुन्या कुठल्याही आवृत्तीपेक्षा मोठी ठरते. पण एपॉक एकदा लावला की काढता येत नाही. म्हणून अपस्ट्रीमची पद्धत पक्की होईपर्यंत तारखेच्या आवृत्त्या तशाच उचलू नका. पुढे काय ठरलंय ते एका ईमेलमध्ये विचारून घ्या.

'थांबा-गिट'साठी आवृत्ती फंक्शनने काढायची असते, आणि प्रत्येक कमिटमागे ती बदलून पुश करायची नसते. बांधण्याच्या रीतीत फरक पडला तरच पुश करा.

चेकसम: जुळला नाही तर काय?

अपडपीकेजीसम्स ही आज्ञा सोर्स उतरवून चेकसम स्वतःच लिहून देते. ती पॅकमन-कॉन्ट्रिब पॅकेजात मिळते. सोयीची आहे, पण तिला खरं-खोटं कळत नाही. समोर जे आलं त्याचा सम ती लिहिते. अपस्ट्रीम सही करत असेल तर सहीची फाइल सोर्समध्ये घ्या आणि व्हॅलिडपीजीपीकीज या ओळीत पूर्ण ४० अक्षरांचा फिंगरप्रिंट द्या. किल्लीचा छोटा आयडी चालत नाही.

आवृत्ती तीच आहे आणि कालपर्यंत जुळणारा सम आज जुळत नाही, अशी तक्रार आली तर आज्ञा पुन्हा चालवून गप्प बसू नका. कारणं दोन संभवतात. एक निरुपद्रवी: जानेवारी २०२३ मध्ये गिटहबवर आपोआप तयार होणाऱ्या टारबॉलांचे सम एकाएकी बदलले, कारण गिटमधली दाबून बांधण्याची रीत बदलली होती. आतला मजकूर तोच होता, आणि बोंब झाल्यावर तो बदल मागे घेतला गेला. दुसरं कारण म्हणजे कुणीतरी टॅग हलवला किंवा फाइलच बदलली. जुनी आणि नवी प्रत उलगडून डिफ काढल्याशिवाय या दोन्हींतला फरक कळत नाही. म्हणून जुना टारबॉल लगेच डिलीट करू नका.

एक्सझेड या फाइली दाबून बांधणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांतलं मागचं दार मार्च २०२४ मध्ये उघडकीला आलं. त्याची चावी असलेली बिल्ड फाइल रिलीजच्या टारबॉलमध्ये होती, गिटच्या रेपोत नव्हती. तेव्हापासून अनेक मेंटेनर टारबॉलऐवजी थेट गिटच्या टॅगवरून सोर्स घेतात. नवख्यानेही तसंच करावं. मग टॅगशी टारबॉल ताडून पाहायचा प्रश्नच येत नाही.

स्वच्छ चौकटीत बांधा

आपल्या लॅपटॉपवर बिल्ड झालं याला फारशी किंमत नाही. वर्षानुवर्षं जमलेल्या शेकडो पॅकेजांतलं एखादं मेकडिपेंड्समध्ये लिहायचं राहिलेलं असतं आणि ते आपल्याकडे असल्यामुळे कळत नाही. डेव्हटूल्स पॅकेज घालून पीकेजीसीटीएल बिल्ड चालवा. ती दरवेळी कोरी, कमीत कमी पॅकेजांची सिस्टिम उभी करून तिच्यात बांधते. पहिल्यांदा बरंच काही उतरवावं लागतं. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा वार गुरुवार, तेव्हा हे काम त्या सकाळी काढू नये.

या चौकटीत मराठी लोकेल (भाषेची आणि क्रमाची सेटिंग) नसतं. 'थांबा'च्या चाचण्या देवनागरी नावांचा अकारविल्हे क्रम लोकेलवरून तपासत असतील तर त्या इथे पडतील. वेळेचंही तसंच. बिल्ड सर्व्हर सहसा यूटीसीवर असतात. कात्रजची शेवटची बस रात्री साडेअकराची, असं गृहीत धरणारी चाचणी कोथरूडच्या लॅपटॉपवर पास होते आणि तिकडे साडेपाच तासांनी चुकते. अशा वेळी पीकेजीबिल्डमध्ये चाचणी बंद करणं हा शेवटचा उपाय. आधी अपस्ट्रीमला पॅच पाठवा: वेळक्षेत्र चाचणीतच ठरवून द्या.

नंतर नेमकॅप हे पॅकेजातल्या चुका शोधणारं साधन दोनदा चालवा, एकदा पीकेजीबिल्डवर आणि एकदा तयार पॅकेजवर. दुसऱ्या वेळी ते बायनरी कोणकोणत्या लायब्ऱ्यांना जोडली आहे ते पाहून डिपेंड्समध्ये काय राहिलं ते सांगतं. त्याचा प्रत्येक इशारा बरोबर असतोच असं नाही, पण दुर्लक्ष करायचं तर कारण माहीत असलं पाहिजे. पॅकमनच्या क्यूएलपी पर्यायाने आतल्या फाइलींची यादी डोळ्यांखालून घाला. शेवटी पॅकेज इन्स्टॉल करून साधन खरोखर चालवा. हे सांगावं लागू नये, पण लागतं.

पुश, आणि दर रिलीजचा क्रम

मेकपीकेजीला प्रिंटएसआरसीइन्फो हा पर्याय दिला की पीकेजीबिल्डमधली माहिती छापून येते. ती एसआरसीइन्फो फाइलीत वळवायची. एयूआरचं पान आणि लोकांचे एयूआर हेल्पर हीच फाइल वाचतात. ती नसेल तर पुश नाकारला जातो, पण जुनी असेल तर बिनबोभाट स्वीकारला जातो. मग पीकेजीबिल्डमध्ये १.३.० आणि पानावर १.२.०, आणि अपडेट कुणालाच दिसत नाही. नवख्यांची सगळ्यात वारंवार होणारी चूक हीच.

रेपोत पीकेजीबिल्ड, एसआरसीइन्फो आणि लागलेच तर पॅच, बस. बांधलेलं पॅकेज किंवा टारबॉल चुकून कमिट केला तर २५० केबीच्या मर्यादेपाशी पुश अडतो, आणि नुसतं नव्या कमिटमधून काढून भागत नाही, स्थानिक इतिहासातूनही काढावा लागतो. गिटइग्नोरमध्ये आधी सगळं वगळून मग हव्या त्या फाइली उद्गारचिन्हाने परत आणल्या की हा घोळच होत नाही.

दर रिलीजला क्रम असा:

१. चेंजलॉग वाचा. कार्गोच्या फाइलीत नवी डिपेन्डन्सी आली का, लायसन्स बदललं का ते बघा.
२. पीकेजीव्हर बदला, पीकेजीरेल १ करा.
३. अपडपीकेजीसम्स चालवा आणि बदललेल्या ओळी गिट डिफमध्ये बघा.
४. स्वच्छ चौकटीत बांधा, इन्स्टॉल करा, चालवून बघा.
५. एसआरसीइन्फो नव्याने काढा.
६. दोन्ही फाइली एकाच कमिटमध्ये घ्या, संदेशात आवृत्ती लिहा, पुश करा.

सराव झाला की पंधरा मिनिटांचं काम. रिलीज आल्याचं कळण्यासाठी एनव्हीचेकर हे साधन सिस्टिमडीच्या टाइमरवर रोज एकदा लावून ठेवा. पॅच जितके कमी तितकं बरं. दोन रिलीज उलटूनही अपस्ट्रीमने न घेतलेला पॅच तुमच्याकडे असेल, तर तुम्ही नकळत दुसरंच साधन सांभाळताय.

फेडोरा आणि डेबियनकडे वळायचं असेल तर

पुण्यात फेडोराची परंपरा जुनी आहे. फुडकॉन हे फेडोराचं संमेलन २०११ साली सीओईपीत आणि २०१५ साली कोथरूडच्या एमआयटीत भरलं होतं. तिथे सुरुवात कॉपर या फेडोराच्या बिल्ड सेवेवर करावी. स्पेक फाइल (तिथलं पीकेजीबिल्ड) लिहा, मॉक या स्वच्छ चौकटीच्या साधनात घरीच बांधून बघा, मग चढवा. कॉपरच्या बिल्डमध्ये इंटरनेट मुळात बंद असतं, त्यामुळे कार्गोची क्रेट्स आधीच वेगळ्या टारबॉलात भरून द्यावी लागतात. फेडोराची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते. दरवेळी ती कॉपरमध्ये चालू केली का ते बघा.

डेबियनचा रस्ता लांबचा. आधी पॅकेज करण्याचा इरादा बग म्हणून नोंदवायचा, लिंटियन या तपासणी-साधनाचे इशारे निस्तरायचे, मग अपलोडचा हक्क असलेला प्रायोजक शोधायचा. स्टेबल, म्हणजे डेबियनची पक्की आवृत्ती, साधारण दोन वर्षांनी येतं. ट्रिक्सी, म्हणजे १३, ऑगस्ट २०२५ मध्ये आलं. एकदा स्टेबलमध्ये गेलेली आवृत्ती बहुतांशी तिथेच गोठते. अपस्ट्रीमला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर दोन वर्षांपूर्वीच्या बगच्या तक्रारी बघून ते वैतागतात.

सोडताना

एयूआरमध्ये कुणीही अनाथ पॅकेज दत्तक घेऊ शकतं. जुलै २०१८ मध्ये ॲक्रोरीड या पीडीएफ-वाचकाचं अनाथ पॅकेज असंच कुणीतरी घेतलं आणि त्यात घातक स्क्रिप्ट घातली. जुलै २०२५ मध्ये तर ब्राउझरच्या नावांशी मिळतीजुळती नवी पॅकेजं टाकून दूरनियंत्रणाचा मालवेअर पसरवायचा प्रयत्न झाला. दोनेक दिवसांत ती काढली गेली. वापरणारे पीकेजीबिल्ड वाचतातच असं नाही. तुमचं खातं आणि पासवर्ड बदलण्याची लिंक ज्यावर येते तो ईमेल, हे दोन्ही म्हणूनच जपायचे.

तेव्हा पहिल्या महिन्यातच एक सह-मेंटेनर नेमा. तुम्ही परीक्षेत किंवा गावी असताना सुरक्षेची दुरुस्ती आली तर ती त्याला करता यावी. वेळ उरला नाही असं वाटलं तर पॅकेज एका झटक्यात अनाथ करू नका. आधी सह-मेंटेनरला विचारा आणि त्याच्याकडून एक पूर्ण रिलीज तुमच्या देखरेखीखाली करून घ्या. मगच मालकी सोडा. सह-मेंटेनर असेल तर ती आपोआप त्याच्याकडे जाते.